शाळेत 'संस्कृती' म्हणजे फक्त स्नेहसंमेलनातला नाच का?

उनाडपाऊस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज टंकतोच. लांबलं तर सांभाळून घ्या.

अलास्काच्या पार उत्तरेला आर्क्टिक समुद्रातल्या एका बेटावर काक्टोविक नावाचं गाव आहे, तिथल्या मूलनिवासी इन्युपियाक लोकांचं. १९९४ साली तिथल्या शाळेत गणिताच्या तासाला मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. आपल्या भाषेत आपण विसाच्या हिशोबाने मोजतो, आणि फळ्यावर लिहायला दिलेले आकडे दहाच्या हिशोबाचे, म्हणजे बोलायचं एक आणि लिहायचं भलतंच. इन्युपियाकमधे विसाला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी 'अख्खा माणूस' असा काहीसा होतो, दोन्ही हातांची बोटं नि दोन्ही पायांची, झाला माणूस पुरा. मग त्या आठ-नऊ पोरांनी शिक्षकाच्या मदतीने सरळ स्वतःचे अंकच तयार केले, शून्य ते एकोणीस, वीस चिन्हं. एक ते चार म्हणजे खाली तेवढ्या उभ्या रेघा, पाच म्हणजे वर एक आडवी रेघ, दहाला दोन, पंधराला तीन. सात म्हणजे वर एक, खाली दोन. सहा म्हणजे वर एक, खाली एक. आता दोन्ही एकत्र ठेवा बघू, वर दोन, खाली तीन, म्हणजे तेरा. हातचा नाही, पाढा नाही, बेरीज अक्षरशः डोळ्यांना दिसते. शून्यासाठी एका पोराने गंमत म्हणून डोक्यावर हातांची फुली केली आणि तेच चिन्ह ठरलं म्हणे!

हे अंक पुढे युनिकोडमधे आले, २०२२ साली. म्हणजे आता ते फोनवरसुद्धा टंकता येतात.

मला यातलं जे आवडलं ते असं की इथे कुणी त्यांना 'आज आपण इन्युपियाक संस्कृती शिकू' म्हणून पिसांचा मुकुट घालून उभं केलं नाही. गणिताचाच तास होता आणि गणितच चाललं होतं, फक्त ते त्यांच्या डोक्यात जसं होतं तसं कागदावर आलं.

नाहीतर जगभर मूलनिवासींच्या मुलांबरोबर शाळेने काय केलंय ते वाचवत नाही. अमेरिकेत १८७९ ला कार्लाइलची निवासी शाळा निघाली, पोहोचल्या पोहोचल्या पोरांचे केस कापायचे, नाव बदलायचं, घरची भाषा बंद. कॅनडात अशा निवासी शाळांत दीड लाखाच्या आसपास मुलं गेली, शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक संपत आलं होतं, २००८ ला त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि २०१५ ला सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. न्यूझीलंडमधे १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळा इंग्रजीत नेल्या, पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्लेली म्हातारी माणसं कालपरवापर्यंत होती. आणि ही माणसं पुढे आईबाप झाली तेव्हा त्यांनी आपल्या पोरांशी ती भाषा बोललीच नाही, का तर आपल्याला बसला तो मार त्यांना बसू नये. म्हणजे भाषा मारली शाळेने आणि पुरली घरच्यांनी, तीही मायेपोटी.

तर प्रश्न असा की मूलनिवासी, आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या जगण्यातून उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? भाषा बदलली की झालं? की पुस्तकं बदलायची? की आणखी काही? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी लिहा प्लीज, माझं सगळं वाचीव ज्ञान आहे.

तिरकीटधा

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. अवांतर: विसाने मोजणं आपल्याला काही परकं नाही हो. 'तीन विसा नि सात' असं म्हणणारी म्हातारी माणसं कुणाकुणाला आठवत असतील. शाळेने तेही पुसलंच की, फरक इतकाच की आपल्याला त्याचं काही वाटलं नाही.

खडूफळा

@उनाडपाऊस, प्रत्यक्ष काम म्हणाल तर मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, मेळघाटात कोरकू मुलांच्या शाळेत नऊ वर्षं झाली. मोठं काही केलंय असं नाही, चुका मात्र भरपूर केल्या त्या सांगतो.

पहिल्या वर्षी पहिलीच्या वर्गात मी मराठीत बोलायचो आणि पोरं माझ्याकडे बघत बसायची, मला वाटायचं समजतंय. तीन महिने! एक दिवस एक मुलगी दुसरीला हळूच म्हणाली 'डा', मग दोघी उठून बाहेर गेल्या. मी ओरडलो. डा म्हणजे पाणी. तहान लागली होती पोरीला, 'सर पाणी पिऊन येऊ का' हे वाक्य मराठीत जमवायला तिला अजून वर्ष लागणार होतं, तोवर तहानलेलं बसायचं का तिने? त्या दिवशी वही काढली आणि रोज पाच शब्द लिहायला लागलो. पोरंच माझी गुरुजी. माझे उच्चार ऐकून इतकी हसायची की त्या हसण्यातच त्यांची भीड गेली.

आता विसाचं. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संथाली-मुंडारीची नातेवाईक, आजूबाजूच्या गोंडी-मराठीशी तिचं नातं नाही, आणि या गटात जुनी मोजणी विसावरच चालते. वीस म्हणजे ईसा. हे मला कळलं सहाव्या वर्षी!! तोवर मी 'दशक-एकक दशक-एकक' करत काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधत होतो आणि एक पोरगा सारखे दोन दोन गठ्ठे एकत्र करून ठेवायचा. मला वाटायचं खोडी काढतोय. तो घरी आजीबरोबर मोजायला बसत असणार हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. मार्च-एप्रिलमधे मोह गळतो. फुलं पहाटे पडतात, घरातलं झाडून सगळं माणूस अंधारात टोपली घेऊन झाडाखाली, पोरांसकट. आणि शाळा नेमकी तेव्हाच सकाळची. मग हजेरीपटावर गैरहजर, गैरहजर, गैरहजर, आणि वरून विचारणा की 'पालकांमधे शिक्षणाबद्दल उदासीनता का'. अहो उदासीनता नाही, वर्षाची मीठमिरची आहे ती!

सरळमार्गी

लेख चांगला आहे पण थोडा सूर वेगळा लावतो, राग नसावा.

दोन अधिक दोन चार हे अलास्कातही चारच आणि अबूझमाडातही चारच. विज्ञानाला जात-जमात नसते. उद्या ही मुलं स्पर्धा परीक्षा देणार, तिथे पेपर काही विसाच्या अंकात येणार नाही. भावनिक होऊन आपण त्यांना त्यांच्याच डोंगरात कोंडून ठेवतोय असं होऊ नये. शहरातले लोक आपली मुलं इंग्लिश मिडीयमला घालतात आणि आदिवासींना मात्र 'तुमची भाषा किती गोड' म्हणून सल्ला देतात, हा दुटप्पीपणा नाही का?

तिरकीटधा

शेवटच्या वाक्याला +१. पहिल्याला नाही.

उनाडपाऊस

@सरळमार्गी, चार चारच राहणार, वाद नाही. पण चारपर्यंत पोचायची वाट कुठून जाते हा मुद्दा आहे.

एक उदाहरण देतो. अलास्कातच युपिक लोकांबरोबर तिथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी गणिताचे धडे बसवले. त्यातला एक आहे मासे वाळवायच्या मांडवाचा. उन्हाळ्यात साल्मन आला की तो चिरून टांगायला लाकडी चौकट उभी करतात. आता ती चौकट नीट आयत झाली हे ठरवायचं कसं? गुण्या नाही, टेप नाही. जुनी माणसं दोरीने समोरासमोरचे कोपरे मोजतात, दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या की काटकोन बरोबर. मुलं आधी हे हाताने करतात, मग शिक्षक विचारतो की फक्त समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तर पुरे का? पोरं चौकट तिरकी ढकलून दाखवतात की नाही पुरत. मग परिमिती तीच ठेवून मांडव बदलला तर जास्त मासे कशात मावतील, म्हणजे क्षेत्रफळ आलं. हा सहावीचा भूमितीचा अभ्यासक्रमच आहे, एक ओळ कमी नाही. आणि या धड्यांची रीतसर तुलना झालीये, नेहमीच्या पुस्तकाने शिकलेल्या वर्गांपेक्षा हे वर्ग सरस ठरले, आणि तेही नेहमीच्याच गणिताच्या चाचण्यांत.

दुसरं, कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या मिकमॅक लोकांनी १९९७ च्या करारानंतर आपल्या शाळा स्वतःच्या ताब्यात घेतल्या. आज त्यांच्यात बारावी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं, तिथल्या इतर मूलनिवासी वस्त्यांच्या मानाने कितीतरी वर. त्यांच्यातल्याच एका ज्येष्ठ जोडप्याने 'दोन डोळ्यांनी बघणं' अशी कल्पना मांडली, एका डोळ्याने आपलं ज्ञान, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञान, आणि दोन्ही डोळे उघडे. कुठलाही एक मिटायचा नाही. यात कोंडणं कुठे आलं?

किवीपंख

मी न्यूझीलंडला असते, माओरी नाही अर्थातच, पण इथलं डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहिते.

इथली कोहांगा रेओ म्हणजे 'भाषेचं घरटं'. पहिलं १९८२ ला वेलिंग्टनजवळ वायनुईओमाटाला सुरू झालं. त्याच्या आधी दहा वर्षं, १९७२ ला, तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत दिला होता की आमची भाषा शाळेत शिकवा. नुसत्या तासाने भागणार नाही हे कळल्यावर लोकांनी विचार केला की भाषा येते कुणाला? आज्यांना. आणि भाषा पटकन उचलतं कोण? नातवंडं. मधली पिढी कोरडी. मग आजी आणि नातू एका खोलीत आणून ठेवा, नि मधल्यांनी स्वयंपाक, झाडलोट, हिशोब बघायचा! बालवाडी चालवायची ती घरच्यांनी, सरकारी माणसाने नाही. दोनतीन वर्षांत अशी शेकडो घरटी झाली.

मग पुढची अडचण. घरट्यातून फाडफाड माओरी बोलणारी पाच वर्षांची पोरं इंग्रजी शाळेत गेली की थोड्याच दिवसांत गप्प. म्हणून १९८५ ला ऑकलंडच्या होआनी वाइतिती माराएवर (माराए म्हणजे माओरींची सगळ्यांनी जमायची जागा) आईबापांनी स्वतःची माओरी शाळा काढली, कायद्याने तिला जागा मिळाली १९८९ ला. म्हणजे आधी शाळा, मागून कायदा. हवाईतही तसंच झालं. तिथे १८९६ च्या कायद्याने शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरवलेली, आणि तो कायदा अंगावर असतानाच १९८४ ला काउआई बेटावर पुनाना लेओ या हवाईयन भाषेतल्या बालवाड्यांपैकी पहिली उघडली. कायदा बदलला १९८६ ला.

नवीन शब्दांची गंमत सांगते, कॉम्प्युटरला माओरीत रोरोहिको म्हणतात, रोरो म्हणजे मेंदू आणि हिको म्हणजे वीज. विजेचा मेंदू. आपला 'संगणक' यापुढे फारच ऑफिसात बसल्यासारखा वाटतो :)

आणि एक घरचं. आता साध्या शाळांतूनही मुलांना 'पेपेहा' शिकवतात, म्हणजे आपली ओळख करून द्यायची पद्धत. आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग पूर्वज कुठल्या होडीतून आले ती होडी, मग कुळ, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. माझ्या लेकीने घरी येऊन विचारलं, 'आई, आपला डोंगर कुठला?' मी पोळी लाटत होते, लाटणं हातात तसंच राहिलं. पत्ता माहीत आहे, पिनकोड पाठ आहे. डोंगर कुठला??

तिरकीटधा

किवीपंखताई, शेवटचा परिच्छेद वाचून मीही दोन मिनिटं विचार करत बसलो. हापिसात.

डोंगरकाठी

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी पावरा आहे, सातपुड्यातला. तुमच्या धाग्यावर ज्यांची चर्चा चाललीय त्यातला म्हणा. थोडं कडू लिहितो.

माझं शिक्षण दोन्हीकडे झालंय. पहिली चार वर्षं नर्मदाकाठच्या जीवनशाळेत. नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदीच्या सुरुवातीला काढलेल्या त्या शाळा, 'जीवन शाळा की क्या है बात, लडाई पढाई साथ साथ' वाल्या. गुरुजी आमच्यातलाच, पावरीत बोलायचा, गावची गाणी, झाडांची नावं, आणि सरकार आपलं गाव का बुडवतंय हेही. नंतर एका आश्रमशाळेत. तिथे पहिल्या आठवड्यात मला कळलं की मी 'मागे' आहे. कशाच्या मागे ते कुणी सांगितलं नाही.

सरळमार्गी साहेब, दुटप्पीपणाबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे. पण त्याच्यापुढे तुम्ही जे लिहिलं ते आमच्या हिताचं वाटत असलं तरी त्यातही आम्हाला कुणी विचारलेलं नाही. एक म्हणतो इंग्लिश शिका, एक म्हणतो तारपा वाजवा (तारपा आमचा नाहीच, वारल्यांचा, पण प्रत्येक कार्यक्रमात आमच्या हातात तोच देतात). ठरवणारे दोन्हीकडे तुम्हीच.

माझी मुलं इंग्लिश मिडीयमला आहेत. हो. आणि घरी पावरी बोलतात. मला दोन्ही पाहिजे. ते दोन्ही मिळेल अशी शाळा असती तर मी मुलांना तिथेच घातलं असतं, पण दोन पर्यायांत एक आमचा पण कच्चा आणि दुसरा परका पण पक्का असं असेल तर बाप म्हणून मी काय निवडणार?

सरळमार्गी

@डोंगरकाठी, प्रतिसाद लागला. आमचं विचारायचं राहतं हे मान्य. पण 'आमचा पण कच्चा' हे जे तुम्ही म्हणालात तीच माझी भीती होती, शब्द मला नीट सापडले नाहीत.

वादळवाट_७

डोंगरकाठींचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, ठरवतो कोण. याचं ढळढळीत उदाहरण ऑस्ट्रेलियाचं.

उत्तर प्रांतात १९७३ पासून दोन भाषांच्या शाळा सुरू झाल्या. यिरकाला गावच्या योल्ङू लोकांनी तर गणिताचा अभ्यासक्रमच असा मांडला की एका बाजूला संख्या आणि दुसऱ्या बाजूला 'गुरुटू' म्हणजे नात्यांची रचना. ऐकायला विचित्र वाटेल पण बघा. त्यांच्यात सगळं जग दोन भागांत आहे, धुवा आणि यिरिट्जा, माणसंच नाही तर जमीन, प्राणी, वारासुद्धा. लग्न नेहमी दुसऱ्या भागात. मूल बापाच्या भागाचं, म्हणजे आईच्या विरुद्ध भागाचं. आई धुवा तर मुलगी यिरिट्जा, तिची मुलगी परत धुवा, तिची परत यिरिट्जा. सम-विषम, सम-विषम. पाच वर्षांचं पोर हे बोटांवर न मोजता सांगतं, कारण कुणाला काय हाक मारायची ते त्यावरच ठरतं. आत्ये-मामे-मावस करताना आपण गडबडतो, आणि ही पोरं संख्यारेषेसारखी नात्यांची रेषा मनात घेऊन शाळेत येतात, शाळा म्हणते तुम्हाला गणित येत नाही!

त्यांचा 'गान्मा' म्हणून शब्द आहे, नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भेटतं ती जागा. दोन ज्ञानं तशी भेटावीत, एकाने दुसऱ्याला गिळू नये. त्या शाळेचे मुख्याध्यापक मंडावुय युनुपिंगू, तेच योथू यिंडी बँडचे गायक, आणि योथू यिंडी म्हणजे मूल आणि आई हे नातं. बँडचं नावच गुरुटूतलं!

आणि मग २००८ ला प्रांताच्या सरकारने फतवा काढला की शाळेचे पहिले चार तास फक्त इंग्रजी. पस्तीस वर्षांचं काम. चाचण्यांचे निकाल वाईट आले म्हणून. मग उरतं काय, तर दुपारी, उकाड्यात, पेंगुळलेल्या पोरांना त्यांची भाषा. पुढे तो नियम मागे पडला, पण मोडलेलं पुन्हा उभं करायला माणसं लागतात, ती तोवर पांगलेली असतात.

कागदीनाव

आपल्याकडे कायद्यात काय कमी आहे? घटनेत ३५० क आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायची सोय करा म्हणून, १९५६ पासून. शिक्षण हक्क कायदा २००९ मधे कलम २९ मधे 'शक्य तितपत' मातृभाषा. त्या 'शक्य तितपत'मधून अख्खा हत्ती जातो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर, तरी गोंडी आठव्या परिशिष्टात नाही. संस्कृत आहे, मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांच्या आत. (संस्कृतशी माझं भांडण नाही, आधीच सांगतो.)

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ ला स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, गोटुलच्या (गोंडांच्या तरुण मुलामुलींच्या जमायच्या-शिकायच्या घराच्या) नावाने. किवीपंख म्हणतात तसं आधी शाळा मागून कायदा. फक्त इथे मागून आली शिक्षण खात्याची नोटीस, परवानगी नाही म्हणून, आणि प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं.

सरळमार्गी

एक शंका, खवचटपणा नाही. संस्कृती शाळेत आणायची म्हणजे तिचं पुस्तक करायचं. पुस्तक झालं की ती गोठते. आणि प्रत्येक गोष्ट वर्गात सांगायची असतेच का?

उनाडपाऊस

अगदी योग्य शंका. अमेरिकेतल्या मूलनिवासी नवाहो लोकांत दोरीचे खेळ असतात, बोटांत दोरा अडकवून तारे, पक्षी वगैरे आकृत्या करतात. भूमितीला किती मस्त साधन! पण ते फक्त हिवाळ्यात खेळायचे, पहिली थंडी पडल्यापासून वसंतातली पहिली मेघगर्जना होईपर्यंत. कोयोटीच्या (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) गोष्टीही तशाच, हिवाळ्यातच. आता अभ्यासक्रमात धडा क्रमांक अकरा एप्रिलमधे आला तर? जिथे शाळा समाजाच्या हातात असते तिथे धडा सरकतो. १९६६ ला ॲरिझोनात रफ रॉकला नवाहोंच्या हाती शाळा आली, निवडून आलेलं मंडळ सगळं नवाहो, तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. छापील वेळापत्रक वरून आलं की ऋतू गेला उडत.

खडूफळा

ऋतूवरून आठवलं, आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. कोसबाडला वारली मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळेत यायची नाहीत, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. गुरं चरतायत आणि शाळा चालू. बालवाडीला साहित्य काय तर पानं, बिया, शिंपले, खडे. डीएडला एका मार्काच्या प्रश्नासाठी मी हे पाठ केलं होतं, अर्थ मोहाच्या झाडाखाली हजेरी घेताना कळला.

ओडिशातही २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तकं करून शाळा चालवल्या, चित्रं-गोष्टी तिथल्याच. कामाची खरी बोंब होते शिक्षकांची. पुस्तक सावरा भाषेत आणि बदलीवर आलेल्या शिक्षकाला सावराचा स येत नाही, तर ते पुस्तक कपाटात. डोंगरकाठी 'कच्चा' म्हणतात तो हाच असावा. भाषा कच्ची नाही, तिच्यामागे उभी केलेली माणसं नि पैसा कच्चा.

डोंगरकाठी

हो सर, तेच म्हणायचं होतं. तुमच्या त्या दोन गठ्ठे एकत्र करणाऱ्या पोराचं पुढे काय झालं?

खडूफळा

त्याचं झालं काय, त्याच्या आजीलाच शाळेत बोलावलं. यायला तयार नव्हती, म्हणे मी तिथे काय करू, मला लिहिता येत नाही. शेवटी नातू हात धरून घेऊन आला. व्हरांड्यात बसली पाय पसरून, ओट्यात बिब्बे, आणि भराभर ईसा ईसा करत ढीग लावायला लागली. पोरं भोवती. मी वहीत लिहून घेत होतो, माझा हिशोब दोनदा चुकला, तिचा एकदाही नाही. मग मी तेच ढीग दहाच्या गठ्ठ्यांत मांडून दाखवले, तर ती म्हणाली, अर्धा माणूस मोजतोस काय रे. (उनाडपाऊस, तुमचा काक्टोविकचा 'अख्खा माणूस' वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, खरं सांगतो.)

तेव्हापासून दर गुरुवारी येते. गाणी सांगते, जंगलातलं काय कधी तोडायचं नाही ते सांगते, मधेच झोपते.

तिला काहीतरी मानधन मिळावं म्हणून अर्ज केला. अर्जात रकाना होता, 'शैक्षणिक अर्हता'.

किवीपंख

अरे देवा. हवाईत हेच झालं होतं! भाषा येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे शिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं, १९८६ ला कायदा बदलताना त्यांना त्यातून सूट द्यावी लागली. सर, मग तुम्ही काय लिहिलंत रकान्यात?

खडूफळा

रिकामा ठेवला. त्रुटी काढून अर्ज परत आला, 'रकाना क्र. ६ भरून पुनश्च सादर करावा'. आजीला विचारलं काय लिहू, तर म्हणाली माझ्या मोजण्यात चूक सापडली का ते विचार त्यांना.